अवधूत सरांची चार पायांची गुणवत्ता यादी

नाद लागायचा तो माणसाला विशीत लागतो. आमच्या अवधूत जळकोटे सरांना तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर लागला, आणि लागला तोही थेट रेसच्या घोड्यांचा. हे कळल्यावर लातूरच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं घाबरून मला फोन केला, "सर, खरं का? अवधूत सर रेसला जातात?" मी म्हटलं, "बाबा रे, रेस हैदराबादला असते. सर नांदेडला भाग्यनगरात पहिल्या मजल्यावर लुंगी लावून बसलेले असतात. घोड्यांना सरांचा पत्ता ठाऊक नाही आणि सरांच्या खिशाला घोड्यांचा."

एक रुपयासुद्धा लावायचा नाही, अशी शपथ राजश्रीवहिनींनी त्यांना दत्ताच्या तसबिरीसमोर घ्यायला लावली होती आणि ती त्यांनी आजवर पाळली आहे. त्यांना हवा होता तो फक्त अभ्यास. मिठाईच्या दुकानात जाऊन फक्त वजनकाटा तपासून परत येणारा माणूस असतो ना, त्यातला प्रकार.

सर मूळचे जळकोटचे. गणितात एमएस्सी करून ९३ साली औशाकडच्या एका खेड्यात शाळेत लागले आणि तिसऱ्याच महिन्यात भूकंप झाला. शाळा गेली. पटावरची एकोणीस मुलं गेली. त्याबद्दल सर बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली. दिवसभर शिकवून झालं की सर घरोघरच्या याद्या करत. कोण आहे, कोण नाही, कोण मामाकडं गेलंय. मदतीला आलेल्या चार मंडळांनी त्या एका गावाच्या चार याद्या केल्या होत्या आणि चारही वेगळ्या. तेव्हापासून सरांचा एक नियम झाला: यादी कुणी केली, कधी केली आणि तिच्यात कोण नाही, एवढं कळल्याशिवाय तिच्यावर विश्वास टाकायचा नाही. किराणा सामानाच्या यादीलासुद्धा ते हेच तीन प्रश्न विचारतात. वहिनी त्यावर जे उत्तर देतात ते इथं छापण्यासारखं नाही.

मग लातूरला शिकवण्यांचं पीक आलं. पीक कसलं, महापूरच! गोदामांत बाकं टाकली, एकेका तुकडीत तीनशे मुलं कोंबली आणि आमच्यासारख्यांच्या हातात माइक आला. मी जीवशास्त्र शिकवायचो, सर गणित. गेल्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यांनी अशा पिंजून काढल्या होत्या, की पेपर काढणाऱ्याला परीक्षेच्या आदल्या दिवशी काय वाटत असेल हेही ते सांगायचे. निकाल लागला की क्लासच्या जाहिरातीचे फलक लिहायचं कामही त्यांच्याकडंच. तिथली गंमत तर विचारू नका. एका वर्षी एकच पहिली आलेली मुलगी पाच क्लासच्या फलकांवर हसत होती. ती प्रत्यक्षात शिकायला जायची ती आपल्या मावशीकडं! त्या वर्षी सरांनी मालकांना सुचवलं, "यंदा उरलेल्या दोन हजार नऊशे मुलांचा फलक लावू." मालकांना वाटलं सरांना ताप आलाय. त्यांनी त्यांना दोन दिवसांची सुट्टी दिली.

वीस वर्षं माइकवर ओरडून शेवटी सरांचा गळा बसला तो कायमचा. डॉक्टरांनी सांगितलं, कुजबुजण्याच्या वर जाऊ नका. तीनशे पोरांना एका 'ए'नं गप्प करणारा माणूस रिक्षावाल्यालाही हाक मारू शकेना. वहिनींची शाळा नांदेडला होती, म्हणून सर नांदेडला, मी आधीच येऊन राहिलो होतो त्याच गल्लीत, आले आणि घरात बसून पंख्याचे फेरे मोजायला लागले.

असं असताना २०१७ची दिवाळी आली. सर्वेश नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं मोबाइलवर रेसचा एक तक्ता पाठवला: घोड्याचं नाव, वय, मागच्या सहा धावांतले क्रमांक, पाठीवरचं वजन, जॉकी, अंतर. खाली लिहिलं होतं, "सर, यात तुमचा पॅटर्न बसतो का बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या दारात उभे. डोळे असे चमकत होते की आधी मला वाटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले.

"मास्तर," ते कुजबुजले, "ही सीईटी आहे! चार पायांची सीईटी! दर आठवड्याला!"

आता अभ्यास करायचा म्हणजे साधनं हवीत, आणि साधनं इंटरनेटवर उदंड. तिथूनच खरी धमाल सुरू झाली. सर रोज एक साइट पकडायचे आणि तिची तोंडी परीक्षा घ्यायचे. टिप्स देणारी पहिलीच साइट उघडली तर वर सोनेरी अक्षरं: 'आमचे कालचे विजेते'. सर खदखदून हसले. अर्थात आवाजाविना. फक्त पोट हललं.

"मास्तर, हा तर आपला फलक आहे! काल जिंकलेले तीन घोडे लावलेत. हरलेले किती सांगितले होते ते कुठंय?"

दुसऱ्या साइटवर तेच तीन घोडे. तिसऱ्यावरही तेच. "बघा, आली आपली पाच क्लासची पोरगी!" सरांना जुना मित्र भेटल्यासारखा आनंद झाला. मग यूट्यूबवर काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ सापडला. तो दर रविवारी 'आजचा पक्का घोडा' सांगायचा आणि घोडा हरला की सोमवारी तो व्हिडिओच गायब व्हायचा. सर रविवारी व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि सोमवारी मोजायचे. टेलिग्रामचे गट पाहिले, तिथं तर घोड्यांपेक्षा जोडलेल्या हातांची आणि पैशाच्या पिशव्यांची चित्रंच जास्त. एक ॲप पैसे भरल्यावर 'आतली बातमी' देणार होतं. सर म्हणाले, "पेपर फुटलाय म्हणून सांगणारा माणूस दर वर्षी भेटतो. पेपर मात्र कधी फुटलेला दिसत नाही."

शेवटी महिनाभराच्या गाळणीतून एक साइट उरली, खुद्द रेस क्लबची. दिसायला सरकारी कचेरीसारखी, भिंतीला चुना लावल्यासारखी पांढरी. पण तिथं प्रत्येक घोड्याच्या प्रत्येक धावेची नोंद होती. जिंकला तीही आणि शेवटून पहिला आला तीही. पंचांचे शेरे होते, प्रत्येक शर्यतीचं चित्रीकरण होतं. सरांनी त्या साइटला अक्षरशः नमस्कार केला.

"हिनं नापासांचीही नावं छापलीत," ते म्हणाले. "हीच खरी."

इथवर सगळं उत्तम होतं. पण आमच्या सरांची निवड नेहमी बरोबर असते, घोळ होतो तो पुढं.

डिसेंबरात हणमंतरावांचा फोन आला. हणमंतराव म्हणजे राजश्रीवहिनींचे थोरले भाऊ. मुखेड तालुक्यात हळद, तूर, सोयाबीन, मिशा आणि मोठा आवाज. त्यांच्या गावात पौष पौर्णिमेला खंडोबाची जत्रा भरते. देवाच्या मिरवणुकीत पुढं चालणाऱ्या घोडीचा मान यांच्या घराचा, चार पिढ्यांचा. मिरवणूक देवळात परतली की गावातल्या घोड्या देवळापासून ओढ्यापर्यंत पळवायच्या, अशी रीत. त्यांची म्हातारी घोडी भाद्रपदात गेली होती. पौर्णिमेपर्यंत दारात दुसरी घोडी उभी राहिली नाही, तर मान शेजारच्या वाडीला जाणार होता, आणि वाडीवाले श्रावणापासूनच, म्हणजे घोडी जिवंत असतानाच, नवा लगाम विकत घेऊन बसले होते.

"दाजी," हणमंतराव फोनवर गरजले. सरांनी फोन हातभर लांब धरला, तरी मला शेजारच्या खुर्चीत ऐकू येत होतं. "माळेगावच्या बाजारात आलो म्या. इथं नरसिंगअण्णा म्हणून येपारी हाय, झहीराबादकडचा. दोन घोड्या घेऊन बसलाय, दोनीबी हैदराबादच्या रेसच्या! मालक वारला, तबेला मोडला. एक डेक्कन बिजली अन् एक लेडी सुलोचना. बिजली म्हंजे आग हाय दाजी, आग! अण्णानं कागद दावला, तीन येळा पहिली आल्याला. तुमी म्हनं आजकाल घोड्याचा अभ्यास करून राहिले?"

सरांची छाती फुगली. सासुरवाडीनं चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी विचारलं होतं.

"कागद मानू नका," सर कुजबुजले. "तो फलक असतो. मला चार दिवस द्या."

"रविवारी सकाळी सौदा हाय. पाटलाचा शब्द, तुमी म्हनताल तीच घोडी."

चार दिवस सर जेवले की नाही मला ठाऊक नाही. ताट यायचं आणि जायचं. क्लबच्या साइटवरून दोन्ही घोड्यांची एकूण एक धाव त्यांनी मोठ्या कागदावर उतरवली. हैदराबादेत प्रत्येक घोड्याला एक आकडा दिलेला असतो, त्याला रेटिंग म्हणतात. धावांनुसार तो वर-खाली होतो. बिजलीचा आकडा दोन वर्षांत ७२ वरून ५८, मग ४१, मग २४, आणि शेवटी १६. सुलोचनाचा २२ वरून हळूहळू ४७.

आता तुम्हीच सांगा, लातूरच्या माणसानं ७२ वरून १६ हा आकडा कसा वाचावा? ज्यानं वीस वर्षं गुणवत्ता याद्या वाचल्या, ज्याच्या स्वप्नातही एक नंबर हाच सगळ्यात मोठा, त्यानं? सरांनी तो तसाच वाचला. बिजली बहात्तराव्या क्रमांकावरून सोळाव्यावर आली! आणि बिचारी सुलोचना बाविसाव्या क्रमांकावरून सत्तेचाळिसाव्यावर घसरली.

मी विचारलं, "पण सर, बिजली शेवटच्या पाच धावांत आठवी, नववी, अकरावीच दिसते."

"साहजिक आहे! जळकोटचा पहिला आलेला पोरगा लातूरच्या पहिल्या तुकडीत आला की चाळिसावा येतो. वरच्या पोरांत पळतेय ती."

"आणि हा पंचांचा शेरा? सुरुवातीच्या फाटकात शिरायला तयार नाही, आवाजानं बिथरते."

"हुशार पोरं वर्गात दंगा करतातच, मास्तर. सुलोचना बघा, एकही शेरा नाही. अशी पोरं मागच्या बाकावर वही झाकून बसतात."

बरं, पाठीवरच्या वजनांचं काय? सुलोचनाच्या पाठीवर आता साठ किलो आणि बिजलीच्या पाठीवर एक्कावन्न. सर म्हणाले, "कच्च्या मुलाला आपण जास्तीचा गृहपाठ देतो, तसंच असणार." मी जीवशास्त्राचा माणूस. घोड्याची आतडी किती लांब असतात ते मला माहीत, बाकी काही नाही. मला पटलं.

शनिवारी संध्याकाळी सरांनी हणमंतरावांना निकाल कळवला: डेक्कन बिजली. टिप्सवाल्या फलकांना लाथ मारून, महिनाभर साधनं पारखून, नेमकी खरी साइट शोधून सर जिथं पोचले, तिथं नरसिंगअण्णांचा तो कागद पहिल्याच दिवसापासून बसलेला होता! पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? हणमंतराव तर इतके खूश झाले की फोन ठेवायचंच विसरले. पुढची पाच मिनिटं आम्हाला बाजारातली तुतारी ऐकू येत होती.

रविवारी सकाळी मी सरांकडं चहाला गेलो होतो. वहिनी पोळ्या लाटता लाटता बाहेर आल्या, कारण टेबलावरचा तो कागद हलवल्याशिवाय बशी ठेवायला जागा नव्हती. कागद उचलताना त्यांची नजर त्यावर पडली.

"अहो, हे साठ म्हणजे काय?"

"घोडीच्या पाठीवरचं वजन. जॉकी धरून."

"अन् हे एक्कावन्न?"

"दुसरीच्या पाठीवरचं. ती जास्त हुशार आहे, म्हणून कमी."

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. हातात लाटणं.

"जास्त हुशार म्हणून कमी? कुठल्या गावात? आमच्याकडं दोन बैलांत जो दांडगा असतो, त्याच्याकडं जू जड ठेवतात. लंगड्याच्या पाठीवर कुणी पोतं टाकत नाही अहो! शर्यत बरोबरीची व्हायची तर ओझं कुणाला देणार? जी सगळ्यांना मागं टाकून पळून जाईल तिलाच ना?"

सरांनी कागद ओढून घेतला. बोट वजनाच्या रकान्यावरून रेटिंगच्या रकान्यावर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. जास्त रेटिंग, जास्त वजन. कमी रेटिंग, कमी वजन. प्रत्येक घोड्याला, प्रत्येक शर्यतीत. मग त्यांनी क्लबची साइट उघडली आणि तळाला बारीक अक्षरांत असलेलं नियमांचं पान काढलं. ते पान त्यांनी महिनाभर उघडलंच नव्हतं! पोरांना 'आधी सूचना वाचा, मग प्रश्न' म्हणून वीस वर्षं बदडणारा माणूस!

"मास्तर," त्यांच्या तोंडून हवा बाहेर पडली. "हे क्रमांक नव्हेत, गुण आहेत! यादी उलटी आहे. सगळी. खालून वर."

"म्हणजे बिजली...?"

"म्हणजे बिजली दोन वर्षं रोज खाली पडतेय, आणि सुलोचना चढतेय. आणि ती आवाजानं बिथरते. मास्तर, खंडोबाच्या पुढं हलगी वाजते!"

आम्हा तिघांच्या डोळ्यांपुढं एकच चित्र आलं: पुढं देव, मागं गाव, मध्ये उधळलेली बिजली आणि तिच्या पाठीवर हणमंतराव.

फोन लावला. लागेना. माळेगावची यात्रा म्हणजे लाख माणसं आणि एक टॉवर. पुन्हा लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती...' वहिनींनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "गाडी काढा."

माझी अल्टो त्या दिवशी जशी पळाली तशी तिच्या बनवणाऱ्यांनीही कल्पना केली नसेल. सोनखेडला म्हशी आडव्या. लोह्याला वऱ्हाडाचा टेम्पो आडवा. वहिनी खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन वाट मागत होत्या, आणि मागच्या सीटवर सर कागद छातीशी धरून पुटपुटत होते, "इसाराचे पैसे देऊ नका, हणमंतराव, इसार देऊ नका." माळेगावच्या अलीकडं दोन किलोमीटरवर गाड्या तुंबल्या. आम्ही अल्टो एका तुरीच्या बांधाला सोडली आणि धावत सुटलो. उसाच्या रसाचे चरक, घोंगड्यांचे ढीग, उंट, गाढवं, तमाशाच्या कनाती, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. त्या गर्दीतून सर असे घुसत होते की एका रांगेतल्या लोकांना वाटलं दर्शनाचा पास असलेला कुणी आलाय. त्यांनी वाट दिली.

घोड्यांचा बाजार लागला. आणि दिसलं.

लिंबाखाली दोन घोड्या बांधलेल्या. एक काळीभोर, मान ताठ, अंगावर उन्हाची चमक. एक मातकट तपकिरी, कडबा खाण्यात गुंग. त्यांच्यासमोर हणमंतराव आणि गोरे, गोलमटोल नरसिंगअण्णा, हात हातात घालून उभे, आणि दोघांच्या हातांवर पंचा. भोवती वीस-पंचवीस माणसांचं कडं, सगळी श्वास रोखून.

आमच्याकडचा जनावरांचा सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नाही. पंच्याखाली एकमेकांची बोटं दाबायची. जेवढी बोटं तेवढा आकडा. बघणाऱ्याला कळत नाही, पण त्या दोघांना कळतं. आणि एकदा आकडा जुळून हात बाहेर आला की सौदा झाला. मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही.

"थांबा!" सर ओरडले. म्हणजे त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला तो सायकलच्या नळीतून हवा सुटावी तेवढा. कुणी मानही वळवली नाही. मी ओरडलो तर नेमकी शेजारच्या कनातीतली ढोलकी सुरू झाली. वहिनी कड्याच्या मागं अडकल्या होत्या. हणमंतरावांच्या मिशा हलल्या, चेहऱ्यावर हसू यायला लागलं. आकडा जुळत आला होता.

मग सरांनी जे केलं ते माळेगावच्या बाजारात आजवर कुणी केलं नसेल. कड्यातून वाकून घुसले आणि आपला उजवा हात त्यांनी पंच्याखाली खुपसला.

सगळं जागच्या जागी थिजलं. नरसिंगअण्णांचे डोळे मोठे झाले.

"अरे, आत तिसरा कोन हाय?" ते म्हणाले. "म्या दोन बोटं दाबली, उत्तर सात आलं!"

"दाजी?" हणमंतराव उडालेच. "तुमी? आत? काय करून राहिले?"

"मी चुकलो," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत मी हे शब्द त्या तोंडून ऐकले नव्हते. उत्तरसूची छापताना चूक झाली, तरी सर पुढच्या तासाला प्रश्नच बदलायचे, उत्तर नाही! इथं सगळ्या बाजारासमोर, मेहुण्यांसमोर, ज्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं त्यांच्यासमोर, हा माणूस पंच्यात हात अडकवून उभा होता आणि सांगत होता, "मी यादी उलटी वाचली. बिजली घेऊ नका. तिचा आकडा पडतोय. आवाजानं बिथरते. ती तपकिरी घ्या."

"पर तुमी तर काल म्हनले..."

"काल मी मूर्ख होतो. आज तुमच्या बहिणीनं शहाणं केलं."

नरसिंगअण्णांनी दुखावल्यासारखा चेहरा करून खिशातून कागद काढला. प्लास्टिकात घातलेला, सोनेरी अक्षरांचा. "लेदु, लेदु, पंतुलु! तसं न्हाई, गुरुजी, माझ्याकडं छापील हाय. तीन येळा पहिली."

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांनी मोबाइलवर उतरवून ठेवलेली बिजलीची शेवटची शर्यत अण्णांपुढं धरली. "तीन वेळा पहिली, अडीच वर्षांपूर्वी. बाकीच्या सोळा वेळा ह्या कागदावर का नाहीत?"

अण्णा चित्रफीत बघत राहिले. फाटकात शिरायला नकार देणारी बिजली, तिला ढकलणारी चार माणसं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. ते काही लबाड नव्हते. ज्यानं त्यांना घोडी विकली, त्यानं त्यांनाही हाच कागद दिला होता. "आरं देवा," ते म्हणाले, "म्या बी ह्याच कागदावर घेतली की रे हिला!"

एव्हाना वहिनी आत पोचल्या होत्या. त्यांना कागदही नको होता आणि मोबाइलही नको. त्यांनी कनातीबाहेर विडी ओढत बसलेल्या हलगीवाल्याला हाक मारली, "बाबा, इकडं ये. ह्या दोघींपुढं वाजव जरा. जोरात."

हलगी कडाडली. दुसऱ्याच ठोक्याला बिजली दोन पायांवर उभी राहिली, खुंटा उपटला आणि पंचवीस माणसांचं कडं असं पसरलं की पाच जण शेजारच्या गाढवांच्या बाजारात जाऊन पडले. तिला धरायला अण्णांची तीन माणसं लागली. आणि सुलोचना? तिनं एक कान हलवला, कडब्याची काडी तोंडात फिरवली आणि हलगीवाल्याकडं अशा नजरेनं पाहिलं की 'झालं का तुमचं?'

हणमंतरावांनी तिच्या मानेवर थोपटलं. मग हळूच म्हणाले, "दाजी, ही तर आपल्या राजश्रीसारखी हाय."

वहिनी म्हणाल्या, "दादा, घरी चला, मग सांगते."

पंचा पुन्हा टाकला गेला. या वेळी अण्णांनी आधी त्याखाली हात फिरवून किती हात आहेत ते नीट तपासलं. सौदा लवकर जुळला नाही, कारण आता अण्णांनाही सुलोचनाचं महत्त्व कळलं होतं! पण शेवटी हात बाहेर आले आणि हणमंतरावांनी अशी आरोळी ठोकली की बिजली पुन्हा उधळली.

जत्रेला आम्ही सगळे गेलो. पौर्णिमेच्या दिवशी सुलोचना देवापुढं साडेतीन तास चालली. दोन हलग्या, एक ताशा, वरून भंडाऱ्याचा पाऊस. एकदाही दचकली नाही. शेजारच्या वाडीचे लोक नवा लगाम पिशवीत घालून आले होते आणि तसाच परत घेऊन गेले. हणमंतराव घोडीवर बसले होते की आकाशात, हे सांगणं कठीण होतं.

मग देवळापासून ओढ्यापर्यंतची धाव झाली. चार घोड्या पळाल्या. सुलोचना चौथी आली.

गावकऱ्यांना त्याचं काही नव्हतं, मान मिरवणुकीचा होता आणि तो घरात राहिला होता. पण अवधूत सर वही घेऊन तावातावानं ओढ्याकाठी गेले, पावलांनी अंतर मोजलं आणि हणमंतरावांना गाठलं.

"ही धाव अन्यायाची आहे," ते कुजबुजले. "चारशे मीटर! तिचा सगळा फॉर्म बाराशेच्या पुढचा आहे. आता कुठं ती तापायला लागली होती. पुढच्या वर्षी ओढा पुढं घ्या."

"कुठं पुढं घ्यू, दाजी?"

"बाराशे मीटर. तिकडं त्या चिंचेच्या पलीकडं."

हणमंतरावांनी चिंचेकडं बघितलं, ओढ्याकडं बघितलं, घामाघूम झालेल्या घोडीकडं बघितलं.

"हाव," ते म्हणाले. "ग्रामसभेत मांडतो. पर धावंतल्या घोड्यांची यादी तुमी लिहू नका, राजश्रीला लिहू द्या."